हळू आवाजातला पाटील

(भायखळा येथे पथनाट्य पथकांतल्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)

आजच्या शिबिरात मला 'नट आणि त्याला न पटणारी भूमिका' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. तुमच्यापैकी काहीजणींना वाटलं असेल, बायकांच्या शिबिरात हा सिनेमा-नाटकाचा विषय कशाला? पोलिस ठाण्यातले अनुभव, पोटगीचे अर्ज, रेशनकार्डावरचं नाव, एवढ्या सगळ्या कामांतून वेळ उरला तर करमणूक म्हणून ठीक आहे. मला मात्र तो करमणुकीचा विषय वाटत नाही. आपली पथकं वस्त्यांमधून पथनाट्यं करतात. त्यांत नवऱ्याचं, सासूचं, सरपंचाचं, फौजदाराचं काम आपल्यातलीच कुणीतरी करते. म्हणजे ज्यांच्याशी आपलं भांडण आहे त्यांच्याच कातड्यात आपल्याला शिरावं लागतं. ते शिरायचं कसं आणि शिरल्यावर धडपणे बाहेर यायचं कसं, हा आपल्या कामाचाच प्रश्न आहे.

त्यासाठी मी एकाच नटाचं उदाहरण घेणार आहे. निळू फुले.

नाव घेतल्याबरोबर मागच्या रांगेत हसू फुटलं. का फुटलं ते मला माहीत आहे. बाईला वाड्यावर बोलावणारं ते एक वाक्य तुमच्या ओठांवर आलं. नकलाकारांनी ते इतकं वापरलं की निळू फुले म्हणजे तेवढंच, असं आता झालं आहे. त्या हसण्याकडे मी शेवटी येईन. आधी त्या माणसाकडे आणि त्याच्या कामाकडे पाहू.

निळू फुले पुण्याचे. तरुणपणी ते पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात ते घडले. कलापथकाची माणसं गावोगाव जायची, मिळेल तिथे राहायची, चावडीसमोर नाहीतर देवळाच्या पारावर लोकनाट्य उभं करायची. 'कथा अकलेच्या कांद्याची' या शंकर पाटलांच्या लोकनाट्याने त्यांचं नाव झालं आणि १९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' मधल्या झेलेअण्णांनी ते सिनेमात आले. पुढे 'पिंजरा', 'सामना', 'सिंहासन' आणि मग पाटील, सरपंच, सावकार, चेअरमन यांची न संपणारी रांग. बायकांवर नजर ठेवणारा, जमीन बळकावणारा, माणसं गायब करणारा तो पांढऱ्या टोपीतला माणूस म्हणजे निळू फुले, असं समीकरणच होऊन बसलं. आणि खऱ्या आयुष्यात? समाजवादी विचारांचे, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभे राहणारे, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागूंच्या बरोबरीने झटणारे. २००९ साली ते गेले तेव्हा चळवळीतल्या माणसांना घरचा माणूस गेल्यासारखं वाटलं. खेड्यापाड्यांत बायका त्यांना पाहून बोटं मोडायच्या, शिव्याशाप द्यायच्या, हे किस्से तुम्हीही ऐकले असतील. ती आपल्या कामाची पावती आहे, असं ते मानत म्हणतात.

मग प्रश्न असा पडतो की ज्या माणसाचा या सत्तेला मुळातून विरोध होता, त्याला ती सत्ता इतकी हुबेहूब कशी दाखवता आली?

आपल्याकडे सोपं उत्तर तयार असतं, 'अंगात कला होती'. कला होतीच. पण त्यांच्या आयुष्याचा क्रम नीट पाहिला की आणखी एक गोष्ट दिसते. या माणसाने पाटील कुठून पाहिला? पाटलाच्या पंक्तीला बसून पाहिला नाही. बागेत वाकून काम करणाऱ्याच्या जागेवरून पाहिला. गावात कार्यक्रम करायचा म्हणून परवानगी मागायला आलेल्या कलापथकाच्या जागेवरून पाहिला. म्हणजे खालून पाहिला. खालून पाहणाऱ्याला वरचा माणूस फार बारकाईने पाहावा लागतो, कारण त्याच्या मर्जीवर आपला दिवस अवलंबून असतो. साहेबाला माळ्याचा चेहरा आठवत नाही. माळ्याला मात्र साहेबाच्या बुटाचा आवाज ओळखता येतो. हे मी माझं मत म्हणून सांगते आहे. त्यांचे सिनेमे पाहताना मला ते पटत गेलं.

आता 'सामना' घ्या. १९७५ चा हा सिनेमा. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर. त्या वर्षीच्या बर्लिनच्या चित्रपट महोत्सवातही तो गेला होता. त्यात निळूभाऊ हिंदुराव धोंडे-पाटील आहेत, साखर कारखान्याचे सर्वेसर्वा. डॉ. लागू मास्तर आहेत, एकेकाळी स्वातंत्र्यलढ्यात असलेला आणि आता दारूत बुडालेला माणूस. हिंदुराव या फाटक्या मास्तरला घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, त्याची बडदास्त ठेवतो, आपलं राज्य हिंडवून दाखवतो. आणि मास्तर एकच प्रश्न धरून बसतो, मारुती कांबळे नावाच्या माणसाचं काय झालं?

या भूमिकेत ओरडायला किती जागा होती, विचार करा. दुसऱ्या कुणी मिशीवर ताव मारला असता, डोळे वटारले असते, चाबूक आपटला असता. निळूभाऊंचा हिंदुराव पाहुणचार करतो. त्याला आपल्या कारखान्याचा अभिमान आहे. या माळरानावर मी पाणी आणलं, ऊस आणला, लोकांच्या हाताला काम दिलं, असं त्याला मनापासून वाटतं. आणि त्यात खोटं काही नाही. त्याने ते केलेलंच आहे. म्हणून तर तो अवघड आहे. तो स्वतःच्या नजरेत वाईट माणूस नाहीच. तो कर्ता माणूस आहे, आणि कर्त्या माणसाच्या वाटेत कुणी आलं तर त्याला बाजूला व्हावं लागतं, एवढंच त्याचं साधं गणित. नटाने 'मी दुष्ट आहे' असं ठरवून भूमिका केली असती तर हिंदुराव पुठ्ठ्याचा झाला असता. त्यांनी तो 'मी सगळ्यांचा पोशिंदा आहे' या बाजूने केला. स्तानिस्लाव्हस्की या रशियन रंगकर्मीनेही नटांना हेच सांगितलं होतं, की वाईट माणूस रंगवताना तो चांगला कुठे आहे ते शोधा. निळूभाऊंनी ते पुस्तकातून घेतलं की पारावरून घेतलं, याने आपल्याला फरक पडत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या जवळचं आहे, दादरचं. महेश भट यांचा 'सारांश', १९८४ चा. शिवाजी पार्कजवळ राहणारं म्हातारं मराठी जोडपं, त्यांच्याकडे भाड्याने राहणारी एक तरुण मुलगी. एका पुढाऱ्याच्या मुलापासून तिला दिवस गेलेत. हा पुढारी गजानन चित्रे, म्हणजे निळू फुले. त्याला ते मूल नको आहे आणि ती मुलगीही नको आहे. तिच्यावर, तिला आसरा देणाऱ्या म्हाताऱ्यांवर तो दबाव आणतो. इथे धोतर नाही, वाडा नाही, ऊस नाही. शहर आहे, सोसायटी आहे, पक्ष आहे. पण माणूस तोच आहे. निळूभाऊंनी पाटील म्हणजे कपडे आणि बोली असं धरलं असतं तर चित्रे त्यांना साधला नसता. त्यांनी पाटीलकी ओळखली होती. ज्याला आवाज चढवायची गरज पडत नाही, कारण आपलं ऐकलं जाणार हे त्याला ठाऊक असतं, ती पाटीलकी. गिरणगावातल्या जुन्या बायकांना हे सांगायला नको. ज्या गिरण्यांत वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत काम करत होत्या त्यांना विचारा, जॉबर ओरडायचा तेव्हा भीती जास्त वाटायची की तो मशीनजवळ येऊन हळूच काही बोलायचा तेव्हा.

इथे मला तुमच्या सकाळच्या प्रवेशांबद्दल बोलायचं आहे. सगळ्या पथकांनी मेहनत घेतली, गाणी सुरेख झाली. पण सगळ्या नाटकांतले नवरे झोकांड्या खात येतात, दाराला लाथ घालतात, शिवी हासडतात. लोक हसतात. मग मारहाण, मग बायका एकत्र येतात, मग गाणं. आता वस्तीतल्या गर्दीत मागे उभ्या असलेल्या पुरुषाच्या जागी जा. तो दारू पीत नाही. महिन्याचा पगार घरी आणतो. हात वर्षातून एखाद्या वेळी उचलतो. बायकोला माहेरी जायचं असेल तर मात्र त्याची परवानगी लागते, तिचा मोबाइल तो रोज तपासतो, तिच्या शिवणकामाचे पैसे त्याच्या खिशात जातात. तो आपलं नाटक पाहतो आणि समाधानाने घरी जातो, कारण नाटकातला नवरा तो नव्हे. आणि त्याच्या शेजारी उभी असलेली त्याची बायको? तीही मान खाली घालून घरी जाते. तिचाही नवरा नाटकात नव्हताच.

ज्या मैत्रिणी सल्ला केंद्रात बसतात त्यांनी हा माणूस शंभरदा पाहिलेला आहे. दोघांना समोरासमोर बोलावलं की तो इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर येतो. 'ताई, तुम्ही म्हणाल तसं' म्हणतो. आवाज खालच्या पट्टीत. बायको मात्र रडते, ओरडते, दहा वर्षांपूर्वीचं एक आणि कालचं एक असं एकात एक घालून सांगते. नवी कार्यकर्ती असेल तर तिच्या मनात क्षणभर येऊन जातं, हीच भांडकुदळ दिसते. अनुभवी कार्यकर्ती नवऱ्याचं बोलणं ऐकत नाही. तो बोलायला लागला की बायकोचे हात काय करतात ते पाहते.

कायद्याला हा माणूस ओळखायला वेळ लागला, पण त्याने ओळखला. १९८३ साली भारतीय दंड विधानात ४९८-अ कलम आलं, त्यातल्या क्रूरतेच्या व्याख्येत शरीराबरोबर मनाला होणारी इजाही धरली गेली. २०२४ च्या १ जुलैपासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८६ या कलमांत आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि त्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे छळाचे प्रकार नावानिशी लिहिले. त्या कायद्यासाठी आपणच रस्त्यावर उतरलो होतो. मग आपल्या नाटकातला नवरा मात्र अजून दारूच्या बाटलीतच का अडकून पडावा?

आता थोडं मागे, १९७२ सालाकडे जाते. त्या वर्षी निळू फुले यांनी रंगभूमीवर सखाराम केला. तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर', दिग्दर्शक कमलाकर सारंग. सखाराम हा पुस्तकं बांधणारा कारागीर. नवऱ्यांनी टाकलेल्या बायका तो घरी आणतो, अन्नवस्त्र देतो आणि त्या बदल्यात तिने घरकामापासून अंथरुणापर्यंत सगळं करायचं, असा त्याचा उघड करार. पटलं नाही तर तिने चालू लागायचं. लग्न नाही, ढोंग नाही, म्हणून आपण जगातल्या नवऱ्यांपेक्षा सरस, असा त्याचा ताठा. तो मृदंग वाजवतो, आणि तो माणूस आहे हे विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. शेवटी तोच चंपाचा गळा दाबतो. या नाटकावर परिनिरीक्षण मंडळाने बंदी घातली, सारंग उच्च न्यायालयात गेले आणि लढून त्यांनी प्रयोगांचा हक्क मिळवला.

या नाटकाबद्दल आपल्या चळवळीत तेव्हापासून दोन मतं आहेत आणि असू द्यावीत. मला आज एवढंच दाखवायचं आहे की एकाच नाटकात दोन नटांनी दोन अवघड भूमिका केल्या, आणि दोघांच्या वाट्याला आलेला न्याय वेगळा होता. निळूभाऊंना लोक म्हणाले, काय भूमिकेत शिरलाय! चंपाचं काम लालन सारंग यांनी केलं. दारू पिणारी, शिव्या देणारी, नवऱ्याला सोडून आलेली बाई. तिच्याबाबतीत चर्चा रंगमंचावर साडी बदलण्याच्या प्रसंगावर घसरली. पुरुष वाईट माणसाचं काम करतो तेव्हा तो अभिनय ठरतो. बाई तेच करते तेव्हा लोक तिच्या घरच्यांकडे, तिच्या शीलाकडे बोट दाखवतात. आज तुमच्यातली एखादी मुलगी पथनाट्यात बारबालेचं काम करते आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावरची पोरं तिला शिट्ट्या मारतात, तेव्हा हेच घडत असतं. म्हणून पथकाने अशी भूमिका कुणा एकीच्या माथी मारून मोकळं होऊ नये. भूमिका फिरती ठेवावी आणि नाटक संपल्यावर सगळ्यांनी मिळून वस्तीतून चालत बाहेर पडावं.

१९७२ म्हटलं की आणखी एक नाव आपल्याला आठवायलाच हवं. त्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. नागपूरच्या उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरलं आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे तिची संमती असावी, असा त्या निकालाचा रोख होता. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, १९८० साली मुंबईत बलात्काराविरुद्ध मंच उभा राहिला आणि १९८३ साली कायदा बदलला. आपल्यापैकी कितीतरी जणी त्या आंदोलनातून आल्या. त्या निकालाची भाषा आठवा. त्यात शिवी नव्हती, लाथ नव्हती. स्वच्छ, शांत, सभ्य भाषा होती. मुलीने गप्प राहणं म्हणजे होकार, हे गृहीत धरायला आवाज चढवावा लागत नाही. पडद्यावरच्या पाटलाच्या हळू आवाजाचं मी एवढं कौतुक का करते, ते आता तुमच्या लक्षात येईल. तो नट आपल्याला सत्तेचा खरा आवाज ऐकवत होता.

तर मग आपण काय करायचं? आपल्याला कुठल्या नाट्यशाळेत जायला मिळालेलं नाही. पण मी मघाशी म्हटलं की निळूभाऊंनी पाटील खालून पाहिला. मैत्रिणींनो, खालून पाहण्याचा आपल्याइतका अभ्यास कुणाचा झालाय? चाळीच्या जिन्यावर पाऊल वाजलं की आज मूड कसा आहे हे बाईला कळतं. चप्पल काढताना ती सरळ ठेवली की भिरकावली, पहिला घास घेतल्यावर तो किती वेळ गप्प राहिला, 'मीठ कुठाय' हे वाक्य कुठल्या पट्टीत आलं, यावरून ती पोरांना गॅलरीत पाठवायचं की नाही हे ठरवते. नट ज्याला निरीक्षण म्हणतात ते आपल्या बायका जीव वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. ती भीतीने गोळा केलेली माहिती आहे, पण माहिती पक्की आहे. आपण तिला कधी विद्या मानलं नाही. पथनाट्याच्या तालमीत ती विद्या बाहेर काढायची आहे.

मी तुम्हाला चार सोप्या गोष्टी सुचवते.

पहिली. नवऱ्याचं काम करणारीने एका जागी बसून त्याच्या तोंडून दहा वाक्यं बोलायची, 'मी' म्हणून. 'मी दिवसभर राबतो', 'मी माझ्या आईला दुखावू शकत नाही', 'मी तिच्या भल्यासाठीच सांगतो'. त्या दहा वाक्यांत तो चांगला माणूस असला पाहिजे. एकही वाक्य कुचेष्टेने म्हणायचं नाही. यातून त्याची स्वतःबद्दलची गोष्ट सापडते, आणि ती गोष्ट सापडल्याशिवाय तो माणूस उभा राहत नाही.

दुसरी. पूर्ण प्रवेश एकदा आवाज न चढवता करून पाहायचा. 'एवढा उशीर?' हे दोन शब्द आधी ओरडून म्हणा, मग पेपरातून डोकं वर न काढता म्हणा. समोर बायको झालेल्या मैत्रिणीला विचारा, पोटात गोळा कधी आला.

तिसरी. हातांना काम द्या. किल्ली कुणाकडे आहे, पैसे कोण मोजतं, मोबाइल कोण उचलतं, पंखा कोण बंद करतं. सत्ता भाषणात कमी आणि अशा वस्तूंत जास्त असते. दहा बाय बाराच्या खोलीत खुर्ची एकच असते. तिच्यावर कोण बसतं एवढं दाखवलं तरी निम्मं नाटक झालं.

चौथी सगळ्यांत महत्त्वाची, बाहेर येण्याची. तालमीत एक गोष्ट हमखास घडते आणि तिच्याबद्दल आपण बोलत नाही. एखादी अबोल, दबलेली मुलगी नवरा होते आणि बघता बघता तिला ते आवडायला लागतं. समोरची घाबरते, पाणी आणून देते, हे तिला सुखावतं. मग तिची तिलाच लाज वाटते. लाजायचं कारण नाही. हुकूम चालवण्यात गोडी आहे, म्हणून तर लोक ती सोडत नाहीत. ती गोडी आपल्याही जिभेला कळते, हे समजणं आपल्या राजकारणासाठी गरजेचं आहे. सून सासू का होते आणि कधीकधी कार्यकर्तीसुद्धा मुकादम का होते, याचं उत्तर तिथेच मिळतं. पण त्या गोडीत राहायचं नाही. आपल्या तमाशात, लोकनाट्यात याची फार चांगली सोय आहे. सोंगाड्या राजाशी बोलता बोलता वळून प्रेक्षकांशी बोलतो. नट सोंगात असतो आणि सोंगाच्या बाहेरही असतो. निळूभाऊ याच परंपरेतून आले, त्यामुळे सिनेमातही त्यांचा पाटील रंगात आला असताना मला वाटत राहतं की आत कुठेतरी सेवा दलाचा कार्यकर्ता त्याच्यावर लक्ष ठेवून उभा आहे. आपणही तालीम संपली की टोपी काढून खाली ठेवायची, आपलं नाव मोठ्याने म्हणायचं, समोरचीचा हात हातात घ्यायचा. आणि जिने स्वतः मार खाल्लाय तिला मारणाऱ्याचं किंवा मार खाणारीचं काम करायचा आग्रह धरायचा नाही. तिला करावंसं वाटलं तर तिने करावं. तिचा अनुभव ही पथकाची मालमत्ता नव्हे.

आता तुम्ही विचाराल, आणि मघाशी चहाच्या वेळी एकीने विचारलंच, की नवऱ्याला इतकं समजून घेऊन दाखवलं तर लोकांना त्याची दया नाही का येणार? रास्त प्रश्न आहे. समजून घेणं आणि माफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'सामना'तल्या हिंदुरावाबद्दल आपल्याला जवळीक वाटते, पण मारुती कांबळेचं काय झालं हा प्रश्न काही मिटत नाही, उलट जास्त टोचतो. मास्तर तो प्रश्न सोडत नाही म्हणूनच ते नाट्य उभं राहतं. आपल्या नाटकात नवरा जितका खरा कराल तितकाच प्रश्न विचारणाराही खंबीर ठेवा. प्रश्न विचारणारी कच्ची राहिली तर दोष त्या खऱ्या नवऱ्याचा नाही, लेखनाचा आहे.

आता त्या हसण्याबद्दल. वाड्यावर बोलावण्याचं ते वाक्य आज गंमत झालंय. लग्नाच्या वरातीत, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात, मोबाइलवरच्या चित्रफितींत पोरं ते म्हणतात आणि मुलींनाही हसावं लागतं. त्या वाक्याचा अर्थ काय आहे? बाईला यायचं की नाही हे विचारलेलंच नाही. ती येणार हे गृहीत आहे, आणि नाही आली तर काय, हेही त्यात आहे. ज्यांच्या आज्या खरोखर तसल्या वाड्यासमोरून खाली मान घालून गेल्या त्यांच्या नाती त्यावर हसतात. एका नटाने धमकी म्हणून उभं केलेलं सोंग नकलाकारांनी लाडिक करून टाकलं. त्याला नट जबाबदार नाही. भूमिका एकदा लोकांत गेली की ती नटाची राहत नाही. पण म्हणूनच आपली जबाबदारी वाढते. आपल्या पथनाट्यातला झोकांड्या खाणारा नवराही असाच हसण्याचा विषय होऊन बसलाय, आणि ज्याच्यावर हसता येतं त्याची कुणी तक्रार लिहून घेत नाही.

निळू फुलेंनी चांगल्या माणसांचीही कामं केली, हे त्या हसण्यात विसरायला होतं. 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस त्यांचाच. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त'मधले गांधीवादी अप्पाजी त्यांचेच. म्हणजे सत्तेसमोर उभं राहून प्रश्न विचारणारा माणूसही त्यांना तितकाच आतून माहीत होता. दोन्ही बाजू ठाऊक असलेला माणूसच एक बाजू इतक्या नेमकेपणाने दाखवू शकतो. आपल्यालाही दोन्ही यायला हव्यात.

मी पुष्कळ बोलले. आता जेवून घेऊ. दुपारी सगळ्या पथकांनी तेच प्रवेश पुन्हा करायचे आहेत, फक्त एक अट आहे. नवरा या वेळी शुद्धीवर घरी येईल, चप्पल सरळ ठेवील आणि ओरडणार नाही. बाकी सगळं तुम्हाला माहीत आहे.